मजूर अदालतीत काय घडते?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दोघा ज्येष्ठ सभासदांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघे आज एका माइकसमोर उभे आहोत याचे जुन्या मंडळींना जरा नवल वाटले असेल. आमच्यापैकी एकाची हयात कामगारांच्या बाजूने वकिली करण्यात गेली, तर दुसऱ्याची कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात. पुष्कळ वर्षे आम्ही एकमेकांच्या साक्षीदारांची उलटतपासणी कशी मोडता येईल याचा विचार करत झोपी गेलो आहोत. निवृत्तीनंतर मात्र रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात शेजारी शेजारी बसतो, आणि नोकरीच्या तक्रारी घेऊन जे येतील त्यांचे ऐकून घेतो. सल्ला फुकट असतो. चहा ज्याचा त्याने आणायचा.

या बैठकीत एक गोष्ट आमच्या लक्षात आली, आणि तीच सांगण्यासाठी आजचे भाषण आम्ही मागून घेतले. आपल्या घरांतली माणसे फार उशिरा येतात. नोकरी जाऊन दीड वर्ष झालेले असते. शेजाऱ्यांना अजून सांगितलेले नसते. मुलगा सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि कमाटीबागेत बसून संध्याकाळी परत येतो, असेही आम्ही पाहिले आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण बडोद्याला येताना बरोबर आणली आणि देवघरात ठेवावी तशी जपली. जमिनीच्या आणि वाटण्यांच्या दाव्यांसाठी ती ठीक असेल. नोकरीच्या बाबतीत तिने आपले नुकसान केले आहे, असे आमचे दोघांचेही मत आहे. आम्ही एकमत होतो अशा गोष्टी थोड्याच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या शेजारच्याच शहरातला आहे. १९१७ साली अहमदाबादेत प्लेग आला. कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी प्लेग बोनस दिला. साथ ओसरल्यावर तो बंद केला. महागाई तर उतरली नव्हती. कामगार पस्तीस टक्के वाढ मागत होते, मालक वीस टक्क्यांच्या पुढे जायला तयार नव्हते. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्याच सख्ख्या भगिनी अनसूयाबेन! गांधीजींनी मार्च १९१८ मध्ये तीन दिवस उपोषण केले. तोड निघाली ती अशी: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवाद म्हणून आनंदशंकर ध्रुव यांना नेमले. त्यांनी पुढे पस्तीस टक्केच ठरवून दिले. त्याच साराभाई घराण्याची रसायनांची कंपनी पुढे बडोद्यात आली, आणि आज इथे बसलेल्या कित्येकांच्या घरची चूल तिच्या पगारावर पेटली.

ही गोष्ट सांगण्याचे कारण इतकेच, की मालक-कामगार तंट्यात तिसऱ्या माणसाने दोघांचे ऐकून निवाडा द्यावा ही कल्पना आपल्याकडे काही परदेशी कायद्याच्या पुस्तकातून थेट उतरलेली नाही. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिलला अमलात आला, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी. मजूर अदालती, औद्योगिक न्यायाधिकरणे, समेट अधिकारी हा सगळा संसार त्या कायद्याचा.

आता आमच्याकडे येणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न काय विचारतो? ‘पगार किती?’ हा नव्हे. ‘हुद्दा काय?’ हाही नव्हे. आम्ही विचारतो, ‘तू दिवसभर करतोस काय?’ कारण या अदालतीचे दार ‘कामगारा’साठी उघडते, आणि कामगार कोण हे हुद्द्यावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते. अंगमेहनतीचे, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार. मॅनेजर नाही. सुपरवायझरच्या बाबतीत पगाराची मर्यादा आहे. जुन्या कायद्यात ती शेवटी दहा हजार होती, नव्या संहितेत अठरा हजार आहे. कंपन्या ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पाटी लावून देतात. पत्रिकेत नाव चांगले दिसते, मुलीकडचे लोक खूश होतात. पण त्या असिस्टंट मॅनेजरच्या हाताखाली एकही माणूस नसेल, कुणाची रजा मंजूर करण्याचा त्याला अधिकार नसेल, आणि तो दिवसभर बिलेच तपासत असेल, तर कायद्याच्या नजरेत तो कारकूनच आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट त्याचा फायदा आहे.

शिक्षकांना मात्र हे दार बंद आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिकवणे हे या कायद्याच्या अर्थाने कामगाराचे काम नव्हे. त्यांच्यासाठी शिक्षण न्यायाधिकरणे वेगळी. औषध कंपन्यांचे एम.आर. पूर्वी असेच अधांतरी होते. त्यांच्यासाठी १९७६ मध्ये वेगळा कायदा झाला आणि तंट्याचा जुना कायदा त्यांनाही लागू झाला. बडोद्यात एम.आर.ची बॅग घेऊन फिरलेली मराठी मुले थोडी नाहीत, म्हणून हे सांगितले.

आता एक प्रकरण सांगतो. नाव-गाव विचारू नका, कंपनीचेही नाही. वाघोडियाच्या बाजूला एका कारखान्यात आपल्यातला एक मुलगा मशीनवर होता. सात वर्षे नोकरी. एके दिवशी सुपरवायझरशी शिफ्ट बदलण्यावरून बोलाचाली झाली. दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने सांगितले, ‘तुम्हाला आत सोडायचे नाही.’ गेटबंद. हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. मुलगा स्वाभिमानी. ‘गरज असेल तर बोलावतील’ म्हणून घरी बसला. चार महिने. या चार महिन्यांत कंपनीने तीन पत्रे पाठवली: ‘तुम्ही विनापरवानगी गैरहजर आहात, ताबडतोब हजर व्हा.’ पत्रे गेली दांडिया बाजारातल्या जुन्या पत्त्यावर, आणि घर तर केव्हाच मांजलपूरला हलले होते. पत्ता कंपनीला कळवायचे राहिले. पाकिटे परत. मग एकतर्फी चौकशी, आणि बडतर्फीचा आदेश.

आमच्यातल्या पर्सोनेलवाल्याने हे ऐकले तेव्हा तो म्हणाला, ‘कागद पक्का आहे.’ वकील म्हणाला, ‘कागद पक्का आहे, पण वॉचमनचे रजिस्टर कुठे आहे?’ इथून सुरुवात झाली.

पहिली पायरी समेट अधिकाऱ्याची, म्हणजे सरकारी कामगार कार्यालयात अर्ज. तिथे वकील उभा राहू शकत नाही. कायद्यानेच मनाई आहे. कामगार स्वतः किंवा युनियनचा माणूस, आणि समोर कंपनीचा अधिकारी. हा अधिकारी न्यायाधीश नव्हे. त्याला निकाल देता येत नाही, समजावता येते. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात, आणि मिटायला हवीत, कारण इथून पुढचा रस्ता लांबचा आहे.

आमच्या मुलाच्या प्रकरणात कंपनीचा माणूस तिथे म्हणाला, ‘उद्यापासून कामावर या.’ आणि मुलगा म्हणाला, ‘आधी त्या सुपरवायझरने माफी मागावी.’ सभासदहो, या एका वाक्याची किंमत फार मोठी असते. समेटाच्या टेबलावर मालकाने कामावर बोलावले आणि कामगार गेला नाही, तर पुढे न्यायाधीश विचारतात, ‘बोलावले होते ना? मग मधल्या काळाचा पगार कशाचा?’ आम्ही दोघांनी मिळून त्याला तीन दिवस समजावले. तेवढ्यात कंपनीने बोलावणे मागे घेतले. असो.

समेट फसला तर पूर्वी सरकारने प्रकरण अदालतीकडे पाठवले तरच दावा चालायचा, आणि हे ‘रेफरन्स’ मंत्रालयाच्या फायलीत महिनोन् महिने पडून राहायचे. २०१० च्या दुरुस्तीने नोकरीवरून काढलेल्या माणसाला मोठी सोय दिली: समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस झाले की थेट अदालतीत जाता येते. ही सोय नव्या कायद्यातही आहे.

अदालतीत काय घडते? सिनेमातल्यासारखे काही नाही. दाव्याच्या रकमेवर दिवाणी कोर्टासारखी फी भरावी लागत नाही. कामगार आपले निवेदन देतो, कंपनी जबाब देते, दोघे कागदांच्या याद्या देतात. मग साक्षी प्रतिज्ञापत्रावर, आणि त्यावर उलटतपासणी. वकील लावायचा तर समोरच्या पक्षाची संमती आणि अदालतीची परवानगी लागते. व्यवहारात दोन्हीकडे वकील असतात. कामकाज गुजरातीत. आपली माणसे घरी मराठी, कारखान्यात गुजराती बोलतात, पण गुजराती वाचायचा कंटाळा करतात. सहीच्या आधी प्रतिज्ञापत्र शब्दन् शब्द वाचून घ्या. ‘मी कामावर गेलो नाही’ आणि ‘मला कामावर जाऊ दिले नाही’ या दोन वाक्यांत खटला हरण्या-जिंकण्याचे अंतर आहे.

गैरवर्तनासाठी काढले असेल तर अदालत आधी एकच गोष्ट बघते: कंपनीने घेतलेली चौकशी नीट होती का? आरोपपत्र दिले का, कागद दाखवले का, साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले का? चौकशी सदोष ठरली तरी कामगार लगेच जिंकत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. कंपनीला अदालतीसमोर नव्याने आरोप सिद्ध करण्याची संधी मिळू शकते. आणि चौकशी नीट ठरली, आरोपही खरा ठरला, तरी कंपनी लगेच जिंकत नाही! १९७१ पासून अदालतीला अधिकार आहे की शिक्षा अपराधाच्या मानाने फार कडक असेल तर ती कमी करावी. वीस वर्षे चोख नोकरी केलेल्या माणसाने एकदा शिवी दिली म्हणून त्याला घरी पाठवायचे का, हा प्रश्न न्यायाधीश स्वतः विचारू शकतात. आमच्यातल्या पर्सोनेलवाल्याच्या मते हा अधिकार कधीकधी सढळ हाताने वापरला जातो. वकिलाच्या मते पुरेसा वापरला जात नाही. यावर आमचा चहा अनेकदा गार झाला आहे.

गैरवर्तन नसताना, ‘काम कमी झाले’ म्हणून काढले तर हिशेब निराळा. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे दिल्याशिवाय काढता येत नाही. २४० दिवसांत पगारी सुट्ट्या आणि रविवारही धरतात. मात्र २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे. नुसते ‘मी होतो’ म्हणून चालत नाही. पगाराची स्लिप, पी.एफ.चा उतारा, ई.एस.आय.चे कार्ड, बँकेचे पासबुक, गेटपास, रजेचा अर्ज, शिफ्टच्या वेळापत्रकाचा मोबाइलवरचा फोटो, काहीही टाकू नका. आपल्याकडे दिवाळीची साफसफाई जोरात असते. त्यात हे कागद जातात.

आणि राजीनामा! ‘राजीनामा द्या, म्हणजे पुढच्या नोकरीला डाग लागणार नाही’ असे गोड बोलून सही घेतात. घरची मंडळीही म्हणतात, देऊन टाक, इज्जतीत बाहेर पड. सही केल्यावर ‘माझ्यावर दबाव होता’ हे सिद्ध करणे फार कठीण. दबाव असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लेखी कळवा आणि पोस्टाची पोहोच जपून ठेवा. सहा महिन्यांनी सुचलेला दबाव कोणी मानत नाही.

जिंकल्यावर मिळते काय? पूर्वी बहुधा ‘पुन्हा कामावर घ्या, मागचा पूर्ण पगार द्या’ असाच निवाडा होई. मध्यंतरी न्यायालये हात आखडू लागली. मग २०१३ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले: बेकायदा काढले असेल तर पुनर्नियुक्ती आणि मागचा पगार हाच सर्वसाधारण नियम. त्यात एक बारीक गोष्ट आहे. कामगाराने आपल्या निवेदनात ‘या काळात मला दुसरी नोकरी नव्हती’ एवढे तरी म्हटले पाहिजे. ते म्हटले की उलट सिद्ध करण्याचे ओझे मालकावर जाते. हे एक वाक्य लिहायचे राहिले म्हणून पगार गमावलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. रोजंदारीवाल्यांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा नोकरीऐवजी ठोक रक्कम मिळते.

या निवाड्यावर अपील नाही. पण हायकोर्टात रिट करता येते आणि कंपन्या करतात. पुनर्नियुक्तीच्या निवाड्याला तिथे आव्हान दिले, तर प्रकरण चालेपर्यंत कामगाराला शेवटचा पगार दरमहा मिळण्याची तरतूद आहे. पण मी बेकार आहे असे प्रतिज्ञापत्र त्याला द्यावे लागते. मागितल्याशिवाय मिळत नाही.

आमच्या वाघोडियाच्या मुलाचे काय झाले? वॉचमनचे रजिस्टर मागवले. कंपनी म्हणाली, हरवले. मग कंपनीच्या साक्षीदाराची उलटतपासणी झाली. सात वर्षे न चुकता येणारा माणूस एकाएकी नाहीसा झाला तर त्याला साधा फोन तरी केला का, असे विचारल्यावर साक्षीदार गप्प झाला. पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलाने स्वतःहून तडजोडीची गोष्ट काढली. चौथे वर्ष चालू होते. मुलाचे लग्न ठरत नव्हते, वडील थकले होते. नोकरी नको, रक्कम आणि स्वच्छ अनुभवपत्र द्या, असे ठरले. रक्कम त्याच्या मनासारखी होती का? नाही. निवाडा होईपर्यंत थांबला असता तर जास्त मिळाले असते का? वकील म्हणतो, हो. पर्सोनेलवाला म्हणतो, कंपनी हायकोर्टात गेली असती. मुलाने आता मकरपुऱ्यात दुसरी नोकरी धरली आहे, आणि नवा पत्ता पहिल्याच दिवशी लेखी दिला आहे.

आता नव्या कायद्याविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. जुन्या मजूर अदालतींच्या जागी दोन सदस्यांची न्यायाधिकरणे यायची आहेत, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य. ती उभी राहीपर्यंत जुन्याच न्यायालयांनी काम चालवावे अशी तजवीज सरकारने केली आहे. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे मुदत. काढून टाकल्याविरुद्ध दाद मागायला पूर्वी तीन वर्षे होती, आता दोन. ज्यांना दीड वर्ष लाज वाटण्यातच जाते, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, तीत दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान, आणि तिने तीस दिवसांत काम संपवायचे आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे; पण मुदत संपल्यावर ‘मला काढले’ म्हणून दावा चालत नाही, हेही समजून सही करा.

सभागृहात मालक मंडळीही बसली आहेत. मकरपुरा जी.आय.डी.सी.त शेड चालवणारे आपले चार-पाच सभासद तर समोरच दिसतात. त्यांना पर्सोनेलवाल्याचा एकच सल्ला: रागाच्या भरात तोंडी काढू नका. ‘उद्यापासून येऊ नकोस’ या वाक्यावर जितक्या छोट्या कारखान्यांनी पैसे भरले, तितके दुसऱ्या कशावरही भरलेले आम्ही पाहिले नाहीत. आरोप असेल तर लिहून द्या, उत्तर घ्या, चौकशी करा. माणूस पंधरा वर्षे तुमच्याकडे असेल तर त्याचा एक कागद लिहायला एक तास द्यायला हरकत नसावी.

भाषणानंतर एका काकूंनी विचारलेला प्रश्न संपादकांच्या सूचनेवरून इथे देतो. त्यांनी विचारले, ‘सुनेला बाळंतपणाच्या रजेवरून परत घेत नाहीत. ती म्हणते, भांडायचे नाही. आम्ही काय करावे?’

आम्ही सांगितले ते असे: भांडू नका, पण लिहा. रजा कधी संपली, ती कोणत्या तारखेला हजर व्हायला गेली, कोण भेटले, काय म्हणाले, हे चार ओळींत लिहून कंपनीला ई-मेलने आणि पोस्टानेही पाठवा. प्रसूती रजेच्या काळात काढून टाकणे कायद्याने बंद आहे. उत्तर आले तरी आणि नाही आले तरी पत्राची प्रत घेऊन तिला रविवारी पाठवा. मूळ कागद घरी ठेवावेत, येताना झेरॉक्स आणावी. तान्हे बाळ बरोबर असले तरी चालेल, वाचनालय साडेनऊपर्यंत रिकामेच असते.